बाहेर बोलायचं, घरात गप्प बसायचं?

पत्र थोडक्यात, ओळख लपवून: तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावातून एका आईनं लिहिलं आहे. एकत्र कुटुंब, केळीची शेती, नवऱ्याचं कृषी सेवा केंद्र. मुलगा सातवीत, सेमी इंग्रजीला, मुलगी चौथीत. 'हुशार आहे, पण वर्गात बोलत नाही' हा शेरा मुलाच्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी असतो. भाचा इंजिनीअर होऊन पुण्याला गेला आणि मुलाखतींमध्ये मागे पडला, त्याची धास्ती बाईंनी घेतली आहे. या उन्हाळ्यात गावात एक शिबिर येतंय: 'तत्त्वज्ञानातून सॉफ्ट स्किल्स', दहा दिवस, साडेनऊ हजार रुपये. सासरे म्हणतात, तत्त्वज्ञान हे म्हातारपणाचं काम. नवरा म्हणतो, आधीच उलट बोलतो, आणखी शिकवायचं कशाला? याला कारण घडलंय. मागच्या महिन्यात पाहुणे बसले असताना मुलानं सालदाराच्या, म्हणजे सालभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याच्या, चहाच्या कपाकडे बोट दाखवून आजोबांना विचारलं, 'तेना कप येगया काबर शे?' (त्याचा कप वेगळा का आहे?) आजोबांनी सगळ्यांसमोर झापलं. तेव्हापासून मुलगा त्यांच्याशी बोलत नाही. बाई विचारतात: शिबिराला पाठवू का? चारचौघांत कसं बोलावं आणि कुठे काय बोलू नये, हे दोन्ही त्याला तिथे शिकवतील का?

ताई,

शिबिराचं आधी सांगून टाकते, म्हणजे जीव तिथे अडकून राहणार नाही. पाठवलं नाहीत तर मुलाचं काही बिघडणार नाही. पाठवायचंच असेल तर आधी काय चौकशी करायची ते पुढे लिहिते. पण मला शिबिरापेक्षा त्या कपाचं जास्त वाटलं, आणि तुम्ही तो पत्राच्या शेवटी 'तसं किरकोळच आहे' म्हणून उरकलात.

मुलानं शाळेत बोलावं, स्टेजवर बोलावं, उद्या मुलाखतीत बोलावं असं तुम्हाला वाटतं. तोच मुलगा पाहुण्यांसमोर बोलला, तर त्याला गप्प बसायला शिकवणारं कुणी हवंय. या दोन मागण्यांचं आपसांत पटत नाही, आणि त्या दोन्ही एकाच फीमध्ये बसवायच्या आहेत. यात तुमचं काही वेगळं आहे असं नाही, बहुतेक आयांना हेच हवं असतं. पण मुलाची भीड मोडते कशानं? आपण बोललो की समोरचा ऐकून घेतो, हा अनुभव गाठीशी असला तर. ज्याला स्वतःच्या ओसरीवर झापलं गेलं, त्यानं वर्गात हात वर करावा तो कशाच्या भरवशावर?

आणि 'तो बोलत नाही' हे तुम्ही प्रगतिपुस्तकावरून ठरवलंय. बारा वर्षांच्या पोरानं घरात रोज दिसणारी गोष्ट नीट पाहिली, ती त्याला खटकली, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला त्यानं ती पाच शब्दांत विचारली. न बोलणाऱ्या मुलाचं हे लक्षण नव्हे. फक्त त्यानं ते अहिराणीत विचारलं. वर्गात त्याला बोलायचं असतं पुस्तकी मराठीत, गणित-विज्ञानाच्या तासाला इंग्रजीत. अहिराणी शब्द तोंडून निसटला की पोरं फिदीफिदी हसतात, एखादे सरही हसतात. मग पोर हिशेब करतं आणि तोंड मिटतं. तुमचा मुलगा अबोल आहे की दुसऱ्या भाषेत चुकण्याला भितो, हे आधी बघा. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

आता ज्या नावानं शिबिर विकलं जातंय, ते मुळात काय आहे ते सांगते. मॅथ्यू लिपमन नावाचे प्राध्यापक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवत. कॉलेजातल्या मुलांना धड युक्तिवाद करता येत नाही, आणि तोवर शिकवायला उशीर झालेला असतो, असं त्यांना १९६०च्या दशकाच्या अखेरीस वाटू लागलं. म्हणून त्यांनी दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी एक कादंबरीच लिहिली. तिच्यातली मुलं वर्गात, घरी, खेळताना विचार कसा करतात हे एकमेकांत बोलून शोधतात. १९७४ साली न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर इथे त्यांनी या कामासाठी संस्था काढली आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. पद्धत साधी आहे. मुलं गोल बसतात, एक गोष्ट वाचतात, त्यातून प्रश्न मुलंच काढतात, कुठला प्रश्न घ्यायचा तेही मुलंच ठरवतात, आणि मग तासभर त्यावर बोलतात. शिक्षक उत्तर देत नाही. त्यात सॉक्रेटिस नाही, शंकराचार्य नाहीत, पाठांतर तर नाहीच.

असा एक तास मी धुळे जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मागे बसून पाहिला होता. मुलांनी निवडलेला प्रश्न होता: कच्चा लिंबू खेळात असतो की नसतो? एक पोरगा म्हणाला, असतो, तो पळतो ना. दुसरा म्हणाला, पळतो पण बाद होत नाही, आणि जो बाद होऊ शकत नाही तो खेळतच नाही. बाई एवढंच म्हणाल्या, 'म्हणजे?' त्याला ते पुन्हा, जरा नीट सांगावं लागलं. मग एक मुलगी म्हणाली, आपण कच्चा लिंबू आहोत हे त्या लहानग्याला माहीत नसेल तर तो खेळतोय, माहीत असेल तर नाही. वर्गाला हे पटलं, विषय संपल्यासारखा झाला. तेवढ्यात दाराजवळ बसलेला एक किडकिडीत मुलगा म्हणाला, 'मला माहीत होतं. तरी मी खेळत होतो.' सगळे त्याच्याकडे वळले. त्या मुलीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, मग माझं चुकलं, पण पूर्ण नाही चुकलं. बाईंनी कुणालाच शाब्बास म्हटलं नाही. ते मला फार आवडलं, कारण एकाला शाब्बास म्हटलं की बाकीची पोरं बाईंना काय आवडेल ते बोलायला लागतात.

तुम्ही ज्यांना सॉफ्ट स्किल्स म्हणता, त्यातली बरीचशी त्या तासात होती. दुसऱ्याचं पूर्ण ऐकणं होतं, न चिडता 'मला पटत नाही' म्हणणं होतं, आपलं मत थोडं मागे घेणं होतं, आणि न बोलणाऱ्याचं बोलणंही होतं. पण त्या पोरांपैकी कुणी तिथे सॉफ्ट स्किल्स शिकायला बसलं नव्हतं. त्यांना खरंच कच्च्या लिंबाचं पडलं होतं. हे फळ मागून येतं आणि सावकाश येतं. दहा दिवसांच्या शिबिरात आत्मविश्वास आणायचा म्हणजे कच्चा घड उतरवून पावडर मारून पिवळा करण्यातला प्रकार, आणि केळीवाल्यांच्या घरात त्याबद्दल मी आणखी काही सांगायला नको.

यानं मार्क वाढतील का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण माहितीपत्रकात ते असणारच. इंग्लंडमध्ये ४८ शाळांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर याची चाचणी झाली होती. २०१५च्या अहवालात वाचन आणि गणितात साधारण दोन महिन्यांच्या अभ्यासाइतकी प्रगती दिसली, आणि त्याचा खूप गाजावाजा झाला. नंतर आणखी शाळा घेऊन मोठी चाचणी झाली. तिचा अहवाल २०२१ साली आला आणि त्यात वाचनाच्या गुणांत काही फरक दिसला नाही. मुलं बोलायला-ऐकायला लागली, असं शिक्षकांनी मात्र सांगितलं. तेव्हा मार्कांसाठी हे करू नका. भाच्याच्या मुलाखतींशीही याची सरमिसळ नको. त्याची अडचण इंग्रजीच्या सरावाची असेल तर त्याला इंग्रजीचा सरावच लागेल.

सासऱ्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्म आणि अध्यात्म म्हणजे साठीनंतर, असं आपल्याकडे पक्कं बसलंय. त्यांना नचिकेताची आठवण करून द्या. बाप यज्ञात सगळं दान करायला निघाला होता आणि देत होता त्या म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई. पोरानं ते पाहिलं आणि विचारलं, मग मला कुणाला देणार? तिसऱ्यांदा विचारल्यावर बाप तडकला: तुला यमाला देतो! मोठ्यांच्या वागण्यातलं चुकीचं पाहून विचारणारं पोर आणि त्यावर तडकणारं घर, दोन्ही जुनीच आहेत.

आणि अमळनेर तर तुमच्या जिल्ह्यातच. प्रताप शेठजींच्या दातृत्वातून १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. थोर थोर वेदान्ती तिथे नांदले, कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे तत्त्वज्ञ संचालक होते. साने गुरुजी तिथेच तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाला आले आणि १९२४ साली गावातल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. याच माणसानं पुढे, १९४७ साली, पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं. मुलाच्या शाळेत गुरुजींची तसबीर असेल, सासरेही त्यांना मानत असतील. त्यांचा नातू जे विचारतोय, ते त्या उपोषणापासून फार लांबचं नाही.

तर कप. तो वेगळा का आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला विचारायची गरज नाही. सातवीच्या नागरिकशास्त्रात संविधानातले मूलभूत हक्क शिकवतात, त्यात अस्पृश्यता पाळायची नाही हेही येतं. पोरानं पुस्तक वाचलं आणि मान वर करून ओसरी पाहिली. एवढंच घडलंय.

नवऱ्याच्या म्हणण्यात मात्र अर्धी गोष्ट खरी आहे, तो ज्या कारणानं म्हणतोय त्यापेक्षा वेगळ्या कारणानं. मुलानं प्रश्न विचारला तेव्हा सालदार कुठे होता? कप हातात घेऊन तिथेच उभा असेल, तर पाहुण्यांसमोर सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. आजोबांचा राग पोरानं सोसला, पण त्या माणसाला उद्या पुन्हा त्याच ओसरीवर यायचंय. त्याचं नवं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरायचंय, आणि ठरवणारे तुमचे सासरे आहेत. प्रश्न बरोबर असला तरी त्याचा चटका कुणाला बसेल, हे मुलाला दिसायला हवं. 'मोठ्यांसमोर बोलू नये' यापेक्षा ही समज फार वेगळी आहे. मुलाला एकट्याला जवळ घेऊन विचारा: तू विचारलंस तेव्हा त्याला कसं वाटलं असेल? हेच कसं विचारलं असतंस, म्हणजे त्याची मान खाली गेली नसती? उत्तर त्याचं त्याला शोधू द्या. तुम्हाला हवं असलेलं 'कुठे काय बोलावं' ते यातून येईल.

त्याआधी त्याच्या मूळ प्रश्नाला उत्तर द्यावं लागेल, आणि इथे मी जरा कडक बोलते. स्वच्छतेचं कारण सांगू नका. शेतातून आलेला तुमचा दीर त्याच मातीच्या हातानं घरचा कप उचलतो, पोरानं ते पाहिलंय. खोटं कारण सांगाल तर तो वाद घालणार नाही, तुमच्याशी बोलणं बंद करेल. आजोबांशी केलंच आहे. 'वेगळा आहे, पूर्वीपासून चालत आलंय, मला ते बरोबर वाटत नाही, आणि मला अजून बोलायचं धाडस झालेलं नाही' एवढं खरं त्याला सांगता आलं तरी खूप झालं. सुनेला सासऱ्यांसमोर हे काढणं किती अवघड असतं ते मला कळतं, आणि उद्याच ओसरीवर क्रांती करा असं मी म्हणणार नाही. काही घरांत सून एक नवा सेट आणते, सगळे कप एकसारखे, जुने माळ्यावर जातात, आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. हे मला थोडं पळपुटं वाटतं, पण सालदाराच्या हातात तर घरचाच कप येतो. आधी नवऱ्याशी बोलून मग सासऱ्यांकडे जाणं जास्त सरळ. कुठला रस्ता तुमच्या घरात चालेल ते तुम्हीच ओळखाल. काहीच बदलायचं नसेल, तर मुलाला 'विचार करायला' शिकवण्यावर साडेनऊ हजार घालवू नका.

आजोबा-नातवाचा अबोलाही असा ठेवू नका. नातवाला सांगा, आजोबा शेतावर एकटे असताना त्यांना विचार: तुमच्या लहानपणी सालदार कुठे जेवायचे? तेव्हाचं साल काय ठरायचं? आरोप नसलेला प्रश्न म्हातारी माणसं टाळत नाहीत, उलट तासभर सांगत बसतात. सांगता सांगता त्यांना स्वतःलाच काही खटकलं तर खटकू द्या, पोरानं ते लगेच पकडू नये.

शिबिराऐवजी काय, हे तुमच्यासारख्या बऱ्याच जणी विचारतात, म्हणून जरा सविस्तर. आठवड्यातून एक दिवस, ऊन उतरल्यावर, ओट्यावर गल्लीतली सहा-सात पोरं जमवा. तुमच्या मुलीलाही घ्या. पत्रात तिच्याबद्दल 'चौथीत' याखेरीज एक शब्द नाही. भाषा ज्याला जी येईल ती, आणि पहिला महिना तरी तुम्ही स्वतः अहिराणीत बोला. प्रश्न रोजच्यातले घ्या. आजोबांच्या बैलगाडीचं चाक बदललं, जू बदललं, साटाही नवा घातला, तर गाडी तीच का? आखाजीला मुलींना झोक्यावर मनसोक्त मोकळीक, मग इतर दिवशी का नाही? हा प्रश्न आला की ओट्यावर फक्त पोरंच बोलतील असं समजू नका, दारात उभ्या असलेल्या बायाही बोलतील. वादळानं केळीची बाग झोपली तर ते 'नशीब' का? मग बाग चांगली आली तेव्हा ती मेहनत कशी?

तुमचं काम म्हणजे फार बोलायचं नाही. 'म्हणजे?', 'एखादं उदाहरण सांग', 'असं होणार नाही अशी एखादी वेळ आठवते का?', 'तिचं आणि तुझं वेगळं कुठे पडतं?' एवढी चार वाक्यं पुरतात. मध्येच सगळे गप्प झाले तर घाबरून गोष्ट सांगायला लागू नका, तेवढा वेळ जाऊ द्या. शेवटी तात्पर्य सांगायचं नाही. तात्पर्य आधीच ठरलेल्या बोधकथा संस्कार वर्गात चालतात, त्यांची जागा वेगळी. मूल बोललंच नाही तर त्याच्यावर प्रश्न फेकू नका. महिनाभर नुसतं ऐकणारी मुलंही असतात. सालदाराचं पोर बोलवणार असाल तर चांगलंच, पण मग कपाचा विषय त्या ओट्यावर घ्यायचा नाही, त्या पोराला कुणाचं उदाहरण व्हायला लावायचं नाही, आणि सरबत सगळ्यांना एकसारख्याच पेल्यातून.

एवढं करूनही शिबिर खुणावत असेल, तर चालकांना विचारा की एका गटात मुलं किती, एका तासात शिकवणारा किती वेळ बोलतो आणि मुलं किती वेळ, प्रश्न कोण ठरवतं. एक तास मागे बसून पाहू द्या म्हणा. नाही म्हणाले तर विषय मिटला. तीस-चाळीस मुलं आणि शेवटच्या दिवशी स्टेजवर भाषण असा बेत असेल, तर ते वक्तृत्वाचं शिबिर आहे. वक्तृत्व वाईट नाही, पण त्याला साडेनऊ हजार जास्त होतात.

नवऱ्याला पहिल्या आठवड्यांत ओट्यावर बसवू नका, ते दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळे होतील. पोरं रुळली की बोलवा, पण खुर्ची द्यायची नाही. खाली, पोरांच्या गोलात, आणि नियम त्यांनाही तोच: हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही.